आबाच्या पानावरची लाल

क्रूझवर जायची टूम माझ्या धाकट्या दिराची. कशेळीच्या रस्त्याला आमच्या शेतात गोदामं उभी राहिली तेव्हापासून त्याच्या डोक्यात दर वर्षी काहीतरी नवं शिजतं. एकदा त्याने अंगणात पोहण्याचा तलाव बांधायचं ठरवलं होतं, खाडी हाकेच्या अंतरावर असताना. त्यात मी मोडता घातला. या वेळी मात्र त्याने विचारलंच नाही. त्याची नि माझ्या जावेची, माझी नि माझ्या नवऱ्याची, अशी चार तिकिटं काढली आणि मगच आमच्या ओटीवर येऊन बसला.

"वयनी, मुंबयशी गोवा नि परत. तीन राती. नुसता खायाचा नि दर्या बगाचा."

"दर्या काय बगाचा त्यान? जलमभर खाडीच बगतोय आपन."

"खाडी निराली, दर्या निराला," तो म्हणाला आणि चहा मागितला.

आमचे हे झोपाळ्यावर बसले होते. गोव्याचं नाव निघाल्यावर त्यांनी झोपाळा पायाने थांबवला. मी ते पाहिलं. नवऱ्याचा पाय, हात आणि मान कुठे वळते यावर नजर ठेवायची सवय मला फार जुनी आहे, ती काही आता सुटायची नाही.

गोव्याचं कारण आबा. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. तरुणपणी ते मचव्यावर होते. मचवा म्हणजे शिडाची मोठी होडी. त्या काळी आमच्या खाडीतून रेती नि विटा घेऊन मचवे मुंबईला जायचे. आयुष्यात एकदाच त्यांचा मचवा कौलं आणायला पार गोव्यापर्यंत गेला, आणि तिथे कुणा व्यापाऱ्याने खलाशांना लाल वाइन पाजली. त्यानंतर आबांनी ताडी प्यायली, हातभट्टी प्यायली, मुलांनी आणून दिलेली इंग्लिश प्यायली, आणि प्रत्येक वेळी पेला खाली ठेवताना म्हणाले, "हाय बरी. पन गोव्याची लाल ती लाल." घरात हे इतक्यांदा ऐकून झालं होतं की बायका आपसात त्यावरून हसायच्या. ती लाल आणून म्हाताऱ्याला द्यावी, हे मात्र कुणाला सुचलं नाही. माणूस गेल्यावर सुचलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरात गेलेल्या माणसाचं पान वाढतात. पानावर वडे, भात, खीर, काळ्या वाटाण्याची भाजी आणि त्या माणसाला जे आवडायचं ते. आबांना चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आवडायच्या, म्हणून चिंबोऱ्या. पानाच्या उजव्या अंगाला एक पेला, त्यात दारू. याला मान म्हणतात. थोरल्या मुलाने पेला भरायचा, चार थेंब पानाभोवती शिंपडायचे, मग एक घोट स्वतः घ्यायचा आणि पेला भावकीत फिरवायचा. देणाऱ्याच्या घरचा ओठ लागला नाही तर मान पोचत नाही, असं सगळे धरून चालतात. शहरातल्या लोकांना हे ऐकून कसंसं होतं. शेलारला माझ्या माहेरीही थोडंफार असंच चालायचं, त्यामुळे मला त्या घोटाचं कधी नवल वाटलं नाही.

त्रास झाला तो त्या घोटानंतरच्या घोटांचा. लग्न झालं तेव्हा हे शनिवारचे प्यायचे. मग मधल्या वारांनाही शनिवार व्हायला लागला. गोदामांमुळे हातात रिकामा वेळ आला आणि आठवडाभर शनिवारच. ती वीस वर्षं मी इथे उगाळत बसणार नाही. शेवटी पोटात पाणी झालं, ठाण्याच्या इस्पितळात बरेच दिवस काढले, आणि डॉक्टरांनी मला बाहेर न पाठवता दोघांना समोर बसवून सांगितलं की आता एक थेंबसुद्धा चालणार नाही. यांनी सोडली. खरंच सोडली. मी तोवर देवाकडे मागणंही सोडून दिलं होतं, त्यामुळे याचं श्रेय देवाला द्यावं की डॉक्टरांना, मला ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला यांनी पेला भरला, थेंब शिंपडले, आणि हात तसाच हवेत राहिला. सगळी भावकी बघत होती. दीर पुढे झाला, त्याने पेला घेतला, घोट घेतला आणि म्हणाला, "चला, जेवाला बसा." त्याने ते दादासाठीच केलं होतं, त्याच्या मनात खोट नव्हती. पण पुढच्या वर्षीपासून पेला भरायलाच लोक दिराला हाक मारायला लागले. आमचे हे मागे भिंतीला टेकून बसायचे, लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखे. बापाच्या पानाला थोरला मुलगा लागत नाही, ही गोष्ट त्यांना आतून खात होती. मला ते दिसत होतं आणि माझ्याकडे त्यावर औषध नव्हतं.

तर अशी ही बोट. मुंबईच्या बंदरावरून मे महिन्यात दुपारची निघाली. जहाज म्हणजे काय ते मी वर्णन करत नाही. भिवंडीतली आमची सगळी गोदामं एकावर एक रचली तरी एवढी उंची व्हायची नाही, एवढं सांगते. चढताना एकेकाचा फोटो काढला आणि हातात एक कार्ड दिलं. खोलीचं कुलूप त्यानेच उघडायचं आणि काही प्यायचं असेल तर तेच दाखवायचं. आत जाऊन मी आधी बार मोजले. प्रत्येक मजल्यावर बार. तलावाच्या काठी बार, नाचाच्या हॉलशेजारी बार, एक तर चक्क लहान मुलांच्या घसरगुंडीच्या समोर. मी यांचं कार्ड माझ्या पर्समध्ये टाकलं. यांनी ते पाहिलं.

पहिली संध्याकाळ बरी गेली. हे कठड्याला उभे राहून पाणी बघत होते. दिव्यांचा किनारा मागे पडल्यावर म्हणाले, "आबा ह्याच वाटेनं गेला आसंल." मी म्हटलं, गेले असतील. जावेला बोट लागली होती, ती खोलीत लिंबू हुंगत पडली होती, आणि दीर तिच्यासाठी लिंबू मागायला जाऊन तिकडेच रमला होता.

सकाळी गोवा आलं. लोक उतरले ते निम्मे देवळं नि चर्च बघायला आणि निम्मे बाटल्या घ्यायला. बोटीवर दारू महाग, गोव्यात स्वस्त, हा हिशोब सगळ्यांनी घरूनच करून आणला होता. दिराने चौघांसाठी टॅक्सी केली आणि वास्कोच्या बाजारात उतरल्या उतरल्या म्हणाला, "दादा, तू नि वयनी फिरा. मी जरा येतो." कुठे येतो ते विचारायची गरज नव्हती.

"मी पन येतो," हे म्हणाले.

दीर थबकला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे पाहिलं.

"कशाला?" मी विचारलं.

"आबासाठी लाल घ्याची हाय."

मी जावेला म्हटलं, चल, आपण पण. चौघंही त्या दुकानात शिरलो. आयुष्यात दारूच्या दुकानात मी पहिल्यांदाच पाय ठेवला. इतकी वर्षं बाहेरून शिव्या घातल्या होत्या. आत किती स्वच्छ असतं ते बघून थोडा रागच आला. फडताळावर बाटल्या ओळीने, वर पंखा, गल्ल्यावर फ्रॉक घातलेली एक म्हातारी बाई, पुढ्यात विणकाम.

यांनी तिला नीट समजावून सांगितलं. जुन्या काळी मचव्यावरच्या खलाशांना देत ती लाल हवी. नाव माहीत नाही. बाई विणकाम बाजूला ठेवून उठली आणि तीन बाटल्या काढून समोर मांडल्या. पोर्ट वाइन, म्हणाली, जुन्या लोकांना हीच माहीत. "कोणासाठी नेता?"

"बापासाठी."

"वय किती त्यांचं? वयस्कर माणसाला ही गोड सोसते."

"त्याला आता सगला सोसतंय," हे म्हणाले.

बाईने मान हलवली. मग तिने खालून प्लास्टिकचा एक इवलासा पेला काढला, उघड्या बाटलीतली लाल त्यात ओतली आणि यांच्यासमोर ठेवली. "चव बघा. बापाला न्यायची तर बघून न्या." ती बिचारी आपल्या धंद्याला धरूनच बोलत होती. तिला काय माहीत.

दुकानात आम्ही पाच माणसं आणि तो एक पेला. यांचा हात गल्ल्यावर होता, पेल्यापासून वीतभर लांब. बोटं जरा पुढे सरकली. मग त्यांनी तोच हात उचलून दुसऱ्या हाताला जोडला आणि बाईला म्हणाले, "नको. पसंत हाय. बांधा."

बाईने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, राज्याबाहेर न्यायची म्हणून परवान्याची चिठ्ठी करून दिली. दिराने आपली व्हिस्की घेतली. तो पेला तसाच राहिला होता, तो जाता जाता दिराने रिकामा केला. बाहेर उन्हात आल्यावर मी रस्त्यावरच्या गाड्यावरून चार शहाळी घेतली आणि सगळ्यांना उभं करून प्यायला लावली.

खरी गंमत जहाजाच्या दाराशी झाली. सामान मशीनमधून आत जायचं. दिराने आपली बाटली जावेच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळून ठेवली होती, जणू मशीनला टॉवेलाची लाज वाटणार. दोन्ही बाटल्या पकडल्या गेल्या. गणवेशातल्या माणसाने हसून सांगितलं, "अंकल, बाहर का ड्रिंक अंदर अलाउड नहीं. हम रख लेंगे, लास्ट डे सुबह वापस मिलेगा."

दिराने कपाळाला हात लावला. आमचे हे मात्र शांतपणे आपल्या भिवंडीच्या हिंदीत बोलायला लागले. "हमको पीने का नहीं है. बाप के पान पे रखने का है."

"पान पे?"

"बाप मर गया है. उसको देने का है."

मागे रांग लागली होती. त्या माणसाने यांच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. चेष्टा नाही हे त्याला कळलं असावं, कारण त्याने टोपी नीट केली. मग म्हणाला, "अंकल, तो भी लास्ट डे." आणि खोलीच्या नंबराची चिठ्ठी बाटलीच्या गळ्यात बांधली. हे बाजूला झाले, पण दोनदा मागे वळून बघितलं ती कुठे ठेवतात ते.

मला आनंद झाला. इतकी वर्षं एकटीने जे काम केलं ते दोन दिवसांसाठी एका जहाजाने अंगावर घेतलं होतं. संध्याकाळी मी जावेबरोबर जादूचे खेळ बघायला गेले, आणि बाहेर आले तर हे खोलीत नाहीत, कठड्याशी नाहीत, जेवणाच्या हॉलमध्ये नाहीत. तेव्हा मला आठवलं की कुलूप लावलंय ते एका बाटलीला, बाकी सगळं जहाज उघडं आहे, आणि दिराचं कार्ड दिराच्याच खिशात आहे. शेवटी तलावाच्या काठच्या बारमध्ये सापडले. दीर आणि ते समोरासमोर बसले होते, दोघांच्या पुढे ग्लास. मी सरळ गेले, यांचा ग्लास उचलला आणि वास घेतला. लिंबाचा सोडा होता.

"घे, पिऊन बग," हे म्हणाले.

"नको. वास पुरे."

मी दारूचा एक थेंब कधी तोंडात घातलेला नाही. आमच्याकडे हळदीला बायकाही घोट घेतात, जाऊ घेते, माझ्या बहिणी घेतात, मला आग्रह करून सगळ्या थकल्या. पण नाकाने मी ती पुरेपूर ओळखते. दीर अवघडून उठला, जावेला बघतो म्हणून निघून गेला. चारचौघांत नवऱ्याच्या ग्लासाचा वास घेतला म्हणून मला लाज वाटली का, असं जावेने नंतर विचारलं. नाही वाटली. पुन्हा घेईन.

गोव्यानंतरचा दिवस सगळा समुद्रातच होता. जिकडे बघावं तिकडे पाणी, आणि कुणाला काही काम नाही. अशा वेळी माणसं बोलतात. आम्ही दोघं सावलीत खुर्च्या टाकून बसलो होतो.

"या साली आबाचा पान मी वाढनार," हे म्हणाले.

"वाढा. कोन नको बोलतंय?"

"मान पन मीच देनार."

मी विचारलं, "नि घोट?"

त्यांनी पाण्याकडे बघितलं. "एका घोटाना काय व्हतंय."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं आहे त्याची गणती नाही. आवाजसुद्धा तोच होता, जरा खालचा, जरा लाडीगोडीचा. मला राग आला, पण रागापेक्षा भीती जास्त वाटली. "काय व्हतंय ते तुमाला म्हायत हाय," मी म्हणाले. "मना पन म्हायत हाय."

मी म्हटलं, पेल्यात कोकमाचं सरबत ओतू, रंग तोच, कुणाला कळणार आहे?

"आबाला फसवू?"

"मग धाकट्याला घेऊ द्या घोट. इतकी सालं घेतोयच ना तो."

"हां, घेतोय," ते म्हणाले. "आबाला वाटत आसंल, थोरला मेला."

समोर कुणाची तरी पोरं पाण्यात उड्या मारत होती, हे त्यांच्याकडे बघत बसले. त्यांच्या जिवाला काय हवं होतं ते मला स्वच्छ कळलं होतं, आणि ते दिलं तर त्यांचा जीवच जाईल हेही. दोन्हींत कुठे वाट दिसत नव्हती.

शेवटच्या सकाळी बाटल्या परत मिळाल्या. टेबलावर पन्नासेक बाटल्या मांडल्या होत्या, गळ्यात चिठ्ठ्या बांधून, आणि लोक आपापली ओळखून नेत होते. यांनी आपली दोन्ही हातांनी घेतली आणि मुंबईपासून कशेळीपर्यंत गाडीत मांडीवर धरून बसले. पुलावर नेहमीसारखी ट्रकांची रांग होती. तासभर आम्ही तिथेच अडकलो, मधे बाटली.

घरी आल्यावर त्यांनी ती माझ्या हातात दिली. "तू ठेव." मी ती तांदळाच्या कोठीत खोल पुरली, कारण त्या कोठीत दिवसातून दोनदा माझा हात जातो आणि दुसऱ्या कुणाचा जात नाही. सर्वपित्रीला चार महिने होते. तांदूळ काढताना मी रोज चाचपून बघायची. गळ्याभोवतीचं सील बोटाला लागलं की मग भात रांधायची. मे गेला, पाऊस लागला, अंगणात पाणी साचलं, ओसरलं. आमच्या घरात पहिल्यांदा एक भरलेली बाटली इतके दिवस भरलेली राहिली.

श्रावणात एकदा दुपारी मी बाहेरून आले तर हे स्वयंपाकघरात उभे. कोठीच्या झाकणावर हात. मला बघून त्यांनी हात काढला नाही, तसेच उभे राहिले. मी पिशवी खाली ठेवली.

"तांदूल निवडू?" ते म्हणाले.

लग्न झाल्यापासून त्यांनी कधी तांदळाचा दाणा निवडलेला नाही. मी सूप घेतलं, झाकण उघडून दोन मापं काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. दोघं जमिनीवर बसून निवडत राहिलो. त्यांना खडा आणि कणी यातलं काही कळत नव्हतं, चांगले तांदूळही बाजूला काढत होते. मी ते परत सुपात टाकत होते. कोठीजवळ ते कशाला आले होते ते मला समजलं होतं, आणि मी समजले हे त्यांना समजलं होतं.

अमावास्येच्या दिवशी सकाळपासून पाऊस उघडला होता. भावकीतली माणसं आली, त्यांत यांचे एक चुलतेही. आता घराण्यात तेच वडीलधारे. यांनी अंघोळ करून धोतर नेसलं आणि पानासमोर जाऊन बसले. गेल्या काही वर्षांत त्यांना त्या जागी कुणी पाहिलं नव्हतं. दिराने आदल्या दिवशीच मला सांगून ठेवलं होतं, "वयनी, दादानं हाक मारली तरच मी पुढं व्हनार." तो दाराशी बसला होता. मी पान वाढून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. डॉक्टरांचा आवाज कानात घुमत होता.

बाटली उघडली. लाल पेल्यात पडली तेव्हा सगळे पुढे वाकून बघायला लागले. एकाने विचारलंच, "आबाची ती ही का?" हे हो म्हणाले. चार थेंब पानाभोवती शिंपडले. मग पेला उचलला, आणि छातीपर्यंत आल्यावर हात थांबला.

मला एवढंच दिसत होतं. दीर अर्धवट उठला आणि परत खाली बसला. चुलते वाट बघत होते. अजून क्षणभर गेला असता तर त्यांनी एकतर ती प्यायली असती किंवा धाकट्याला हाक मारली असती, आणि दोन्हींनी माझा नवरा माझ्या हातून गेला असता.

सत्यनारायणाच्या पूजेला हे संकल्प सोडतात तेव्हा मी त्यांच्या हाताला हात लावते. तेवढ्याने ती पूजा दोघांची होते, माझं वेगळं काही लागत नाही. हे मला त्या क्षणी आठवलं, आणि आठवल्यावर मी थांबले नाही. हाताला पीठ लागलेलं तशीच पुढे गेले, यांच्या शेजारी मांडी घालून बसले, पेला धरलेल्या हाताला माझा हात लावला. सगळे बघत होते. आमच्याकडे या पानाला बायका बसत नाहीत. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेला त्यांच्या हातातून घेतला आणि एक घोट घेतला.

कुणीतरी मागून म्हणालं, "आगो, ही काय रीत?"

चुलत्यांनी मान वर केली नाही. ते पानाकडे बघत होते. "त्याच्या हाताला हात लावलाय तिनं," ते म्हणाले. "घरचाच वोठ हाय. पोचला." आणि हात पुढे केला. यांनी पेला त्यांना दिला, मग पेला फिरत गेला, दिरापर्यंत आला तेव्हा त्याने तो कपाळाला लावला. आमचे हे पानासमोरून उठले आणि थोरल्याने म्हणायचं ते म्हणाले, "चला, जेवाला बसा." ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मी वडे तळायला आत आले. तोंडात तो वास भरला होता. ज्या वासाने माझी वीस वर्षं खाल्ली तोच, माझ्या स्वतःच्या तोंडाला. चूळ भरावी म्हणून मी तांब्या उचलला, तेवढ्यात हे आत आले आणि माझ्याजवळ पाटावर बसले. बाहेर पंगत बसली होती, त्यांनी तिथे असायला हवं होतं.

"कशी व्हती?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या माणसाचा चेहरा मी ज्या ज्या गोष्टीसाठी तपासला होता, त्यातलं तिथे काही सापडलं नाही. मी तांब्या खाली ठेवला.

"पयली गोड लागते," मी म्हणाले. "मग आंबट. खाली उतरताना जरा गरम."

"नि मग?"

"मग जिबेला तुरट राहाते. कच्चा जांभूल खाल्ल्यावानी."

त्यांनी डोळे मिटले. आबांनी जन्मभर नुसतं लाल लाल केलं, पण ती लागते कशी ते मुलांना कधी सांगितलं नव्हतं. "आजून सांग," हे म्हणाले. कढईतला वडा करपायला आला होता. मी तो काढला, गॅस बारीक केला, आणि तोंडात उरली होती तेवढी सगळी चव त्यांना सांगितली.